पट्ट्यावरचे तीन पेड

तिला सगळे वहिनी म्हणतात. खरं तर ती वहिनी एकाच व्यक्तीची, तिच्या नणंदेची. पण नणंद जिथे जिथे तिला घेऊन गेली तिथे तिथे ते नाव चिकटलं. दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. बसथांब्यासमोर, चष्मेवाल्याला लागून, दोन खुर्च्या आणि केस धुवायचं एक बेसिन, एवढाच तिचा पसारा. मी नऊ वर्षं तिच्याकडे केस कापून घेते. ही हकिगत तिनं मला दोन खेपांत सांगितली आणि दोन्ही वेळा सांगायला सुरुवात करण्याआधी कात्री खाली ठेवली.

नणंद तिच्याहून सहा वर्षांनी लहान. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात केमिस्ट. आठवडाभर काचेच्या नळ्यांत पाणी ढवळून बघायचं आणि शनिवारी पहाटे उठून विमानातून उडी मारायला जायचं, असा तिचा क्रम. उड्या मारणाऱ्यांच्या क्लबात तिला घार म्हणायचे. घरातही मग तेच रूढ झालं. सासूबाई पहिल्या वर्षी खूप घाबरल्या, दुसऱ्या वर्षी भांडल्या आणि तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, “शनिवारी सकाळी मी समजते की मला एकच मूल आहे. संध्याकाळी जेवायला दोन आली तर दोघांना वाढते.” यावर वहिनीचा नवरा, म्हणजे ते दुसरं मूल, हसून फ्रिज दुरुस्तीची पिशवी उचलायचा आणि कामाला जायचा.

घारीला हेल्मेट आवडत नसे. “आठवडाभर मी डबीतच असते. आकाशात तरी डोकं मोकळं राहू दे,” म्हणायची. क्लबाच्या नियमात ते बसत होतं. ज्यांच्या पुष्कळ उड्या झाल्यात त्यांना हेल्मेटशिवाय जाता येई, पण एका अटीवर: डोळ्यांवरचा गॉगल आणि कानाजवळचा बीपर, दोन्ही जागचे हलता कामा नयेत.

बीपर म्हणजे काडेपेटीएवढं एक यंत्र. माणूस खाली येत असताना ते उंची मोजतं आणि ठरवलेल्या उंचीवर कानात शीळ घालतं. पहिली शीळ, आता एकमेकांपासून लांब व्हा. दुसरी, आता छत्री उघडा. तिसरी लांबलचक, ती ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. हातावर उंचीचं घड्याळ असतंच, पण ते बघायला डोळे लागतात, आणि डोळ्यांना गॉगल लागतो. शिवाय वारा इतका ओरडत असतो की बीपर कानाला अगदी लागून नसेल तर तो असून नसल्यासारखा. हेल्मेटमध्ये त्याला कप्पा असतो. उघड्या डोक्यावर त्याला बसवायचं कुठे, हा खरा प्रश्न.

घारीचे केस कमरेपर्यंत, आणि रेशमासारखे निसटते. गॉगलचा रबरी पट्टा त्यावरून वर सरकायचा. तिनं चिकटपट्टी लावून पाहिली, दोन पट्टे लावून पाहिले, नाडीनं बीपर गळ्यात बांधायला गेली तर क्लबाच्या कॅप्टननं ती नाडी स्वतः कापली. गळ्याभोवती काही नको, छत्रीच्या दोऱ्यांत अडकलं तर फास बसतो, म्हणाले. कॅप्टन म्हणजे तिथले मुख्य प्रशिक्षक. त्या वर्षी घारीचे दोन गॉगल आणि एक बीपर वरून कुठल्या तरी शेतात पडले.

एकदा घरी ती आरशासमोर हे सगळं चढवून, मान झटकून बघत होती. वहिनी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “अगं, तू पट्टा केसांवर ठेवतेस. केसांच्या आत ठेव की.”

तिथून सुरुवात झाली. सासूबाईंनी जाड कापडाची चार बोटं रुंद पट्टी शिवली. उजव्या कानाशी बीपरचा खिसा, त्याला झाकण, आणि गॉगलचा पट्टा ओवायला मागे दोन बंद. वहिनीनं ती पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसवली, कारण वर ठेवली तर ती सरकायला मोकळी. मग कपाळापासून सागरवेणी घालत घालत मागे आली आणि पट्ट्यापाशी आल्यावर डावीकडून एक, उजवीकडून एक आणि मधला एक असे तीन पेड पट्ट्यावरून घेऊन खाली आवळले. उरलेली वेणी दुमडून आत खोचली, दोन आकडे लावले. घारीनं डोकं हलवलं, उलटं लटकवलं, दादाला सांगून टेबलफॅन तोंडासमोर धरायला लावला. काही हललं नाही. तिसऱ्या उडीनंतर ती घरी येऊन वहिनीला मिठी मारून म्हणाली, “वहिनी, तुझा हात माझ्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो वर.”

वहिनीला आकाशाचं कधीच वेड नव्हतं. स्टुलावर चढून दिवा बदलायचा तरी तिला नवरा खाली उभा हवा. पण दर शनिवारी ती घारीच्या स्कूटरवर मागे बसून क्लबात जाऊ लागली. लांबच लांब पत्र्याची शेड, खाली सतरंजी, त्यावर लोक गुडघे टेकून छत्र्या घड्या करतायत, आणि कोपऱ्यात बाकावर वहिनी, मांडीवर कंगव्यांची पिशवी. हळूहळू बाकी बायकाही तिच्यासमोर बसू लागल्या. एक लांब केसांचा पुरुषही बसायचा. आठ वाजेपर्यंत पाचसहा डोकी व्हायची आणि दहाला ती दुकान उघडायची. मला ती म्हणाली, “ताई, माझं काम आजवर लोकांच्या लग्नापर्यंत टिकायचं, फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. तेरा हजार फुटांवर टिकतंय म्हटल्यावर मी जरा फुगलेच होते.”

त्या फुगण्यातच पुढचं सगळं आलं.

एका साप्ताहिकाच्या पुरवणीसाठी कुणीतरी घारीची मुलाखत घेतली. शुक्रवारी अंक आला. वहिनीच्या खुर्चीत तेव्हा एक बाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या आणि वेळ जात नव्हता म्हणून मोठ्यानं वाचत होत्या. धाडस, चिकाटी, वारा, सगळं आलं. फोटो पाठमोरा होता, वेणी आणि पट्टी स्पष्ट दिसत होती. खाली घारीचे शब्द होते: ही वेणी मीच शोधून काढली, मीच घालते, हेल्मेटशिवाय उडणाऱ्या मुलींना आता क्लबात मीच शिकवते.

“तुमच्या नणंदबाई बऱ्याच हुशार दिसतात हो,” त्या बाई म्हणाल्या.

“हो ना,” वहिनी म्हणाली आणि ब्रश धुवायला वळली.

घरी ती काही बोलली नाही. घारीनंही अंकाचा विषय काढला नाही. अंक तिच्या पर्समध्येच होता, हे वहिनीनं पाहिलं होतं. त्यामुळे तर तिला जास्तच लागलं. लपवतेय म्हणजे हिला कळतंय, असं तिच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये घार नेहमीप्रमाणे तिच्यासमोर जमिनीवर बसली. शेजारी क्लबातल्या दोघीतिघी होत्या. त्यातली एक म्हणाली, “वहिनी, तुम्ही एकदा तरी उडी मारा ना.” त्यावर घार मान न वळवता हसत म्हणाली, “ही? हिला माळ्यावरचा डबा काढायला दादा लागतो. हिचं सगळं धाडस माझ्या डोक्यावर.”

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली.

आणि तीन पेडांऐवजी तिनं पट्ट्यावरून एकच पेड घेतला.

चुकून नाही. हे ती मला सांगताना आरशातून माझ्याकडे बघत नव्हती, बेसिनकडे बघत होती. “हात चुकला असं मी दोन महिने स्वतःला सांगितलं. हात चुकत नाही हो माझा. मला ठाऊक होतं मी काय करतेय. मला एवढंच हवं होतं की वर वेणी विस्कटावी. केस पिंजारून खाली यावी, सगळ्यांसमोर झाडूसारखी दिसावी, आणि मग लोकांनी विचारावं की आज काय झालं. तिनं पडावं असं मी मनातसुद्धा आणलं नव्हतं. पण पट्टी कशाला धरून आहे हे मला सोडून कुणाला ठाऊक होतं?”

घारीनं उठताना विचारलं, “घट्ट आहे?”

“नेहमीसारखी,” वहिनी म्हणाली.

एरवी वहिनी दुकानात जायची घाई करायची. त्या दिवशी मजा बघायला थांबली. म्हणून तिनं ते सगळं पाहिलं.

चौघांनी एकत्र उडी मारली होती. घार, आणखी दोघं, आणि शाळेत गणित शिकवणारे एक जण, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर शेवटी बाहेर पडले होते, त्यामुळे बाकीच्यांना गाठायला वरून सूर मारून येत होते. खाली उभ्या असणाऱ्यांना वर नुसते ठिपके दिसतात. ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी एक लाल छत्री उघडली, घारीची. कॅप्टन दुर्बिणीतून बघत होते. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला, तो वहिनीनं मला सांगितला नाही. त्या छत्रीच्या अगदी कडेवरून एक ठिपका सरळ खाली गेला. ते मास्तर होते. चार हात अंतर होतं म्हणतात. दोन हात म्हणणारेही आहेत.

वर काय झालं ते घारीनं नंतर सांगितलं. अर्ध्या मिनिटानं तिला मानेमागे काहीतरी वर चढतंय असं वाटलं. हात मागे न्यावा तोवर गॉगल कपाळावर गेला, आणि पट्टी, बीपर, गॉगल सगळं एकदम उडालं. तिला जवळपास काहीच दिसत नाही असा नंबर. डोळ्यांत लेन्स होत्या, त्याही वाऱ्यानं गेल्या. हातावरचं घड्याळ म्हणजे पांढरा गोळा. कानात शीळ नाही. जमीन किती लांब आहे ते कळेना, तेव्हा तिनं दोन्ही हात हलवून इशारा केला आणि छत्री उघडली. वर मास्तर आहेत हे तिला दिसणं शक्यच नव्हतं. पुढे छत्रीखाली ती एकटी, डोळ्यांतून पाणी, खाली हिरवं आणि तपकिरी एवढंच. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही दोऱ्या ओढून वेग मारायचा असतो. तो तिनं अंदाजानं मारला आणि अंदाज चुकला. कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या शेतात ती उतरली तेव्हा उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला होता.

वहिनी धावत गेली. घार मातीत बसून तिच्याकडे बघत होती, पण तिला कोण आलंय ते दिसत नव्हतं. “कोण आहे?” तिनं विचारलं. वहिनीनं आवाज दिला तेव्हा तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, “वहिनी, आईला फोन करू नको. मी करते.” तिच्या मानेवर वेणी पूर्ण सुटून पडली होती. वहिनीनं ती उचलून गुंडाळली आणि आपल्याजवळचे आकडे लावून बांधली. स्ट्रेचर येईपर्यंत ती तेच करत बसली.

पट्टी सापडली नाही. लोकांनी दोन दिवस शेतं धुंडाळली, गॉगलची एक काच मिळाली, बाकी काही नाही. त्यामुळे काय सुटलं ते कुणी बघू शकलं नाही, आणि ज्याला त्याला आपापलं कारण मिळालं.

घरी सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. “माझीच टीप सुटली. मागच्या बंदाला मी दुहेरी मारायला हवी होती. सुईत दोरा ओवायला मला हल्ली तीनदा लागतं. मला कशाला शिवायला दिलंत?” मुलगा म्हणाला, “आई, काहीतरी काय?” पण त्यांनी शिवणयंत्रावर चादर टाकली ती टाकलीच. वहिनी तिथेच उभी होती. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. दोन मिनिटं उशीर होतो, मग पाच, मग आता बोलले तर आधी का नाही बोललीस असं होईल, आणि मग आठवडा जातो.

घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. प्लॅस्टर घालून घार घरी आली तसं वहिनीनं तिचं सगळं केलं. अंघोळ घातली, कपडे चढवले, रात्रीचं पाणी उशाशी ठेवलं. शेजारणी म्हणायच्या, नणंदेचं कोण करतं एवढं आजकाल. वहिनीला ते कौतुक ऐकवेना. ती मोरीत जाऊन नळ सोडायची.

सहाव्या आठवड्यात क्लबात बैठक झाली. अपघात झाला की ज्याचा झाला त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं, अशी तिथली पद्धत. शिव्या घालायला नाही, शिकायला. नवीन आलेले वीसेक जण, जुने दहाबारा; त्या सकाळी शेडमध्ये शेजारी बसलेल्या दोघीतिघी त्यांत नव्हत्या. घार कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीत बसली. वहिनी तिसऱ्या रांगेत, कारण घारीला आणायला-न्यायला तीच होती.

घारीनं क्रमानं सगळं सांगितलं. मग कॅप्टन म्हणाले, “बांधलं कुणी होतं? नेहमी वहिनीच बांधतात ना?”

घारीनं वर पाहिलं. समोरच्या फळ्यावर त्या पुरवणीचं कात्रण अजून टाचणीनं लावलेलं होतं, मीच घालते या शब्दांसकट.

“मी,” ती म्हणाली. “मीच घातली होती. त्या दिवशी घाईत घातली.”

“तपासली होती?”

“नाही. घट्ट आहे असं धरून चालले.”

“आणि मास्तरांना काही झालं असतं तर?”

घार खाली बघू लागली. कॅप्टननं आवाज न चढवता सांगितलं की पाय बरा झाल्यावरही सहा महिने तिला विमानात बसता येणार नाही. वीस जणांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. वहिनीच्या शेजारच्या नव्या मुलीनं हळूच तिला विचारलं, “तुम्हीच वहिनी ना? तुमच्याकडून बांधून घेतली असती तर वाचल्या असत्या.”

“मेल्याहून मेल्यासारखं झालं,” वहिनी मला म्हणाली. “उठून बोलायची तीच वेळ होती. माझ्या मांडीवर कंगव्यांची पिशवी होती, ती मी अशी धरली होती की कुणी हिसकावून घेईल. आणि तिनं मी म्हटलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज मागाहून आली. त्या आधीच्या क्षणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.”

परतताना रिक्षात तिनं घारीला विचारलं, “मी म्हणून का सांगितलंस?”

“छापून आलंय ना तसं,” घार बाहेर बघत म्हणाली. “आता कुठल्या तोंडानं सांगू की ते खोटं होतं?”

म्हणजे घार तिला वाचवत नव्हती. तीही आपल्या खोट्यात अडकली होती. त्यानं वहिनीला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी सासूबाईंचे डोळे तपासायला वहिनी त्यांना घेऊन गेली. तो हट्ट सासूबाईंचाच. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, उजेड मारून पाहिलं आणि म्हणाले, “आजी, चष्म्यानं तुम्हाला उत्तम दिसतंय. शिवा बिनधास्त.”

सासूबाई खुर्चीतून उठेनात. “उत्तम दिसतंय तर मग टीप सुटली कशी?” त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर गोंधळून वहिनीकडे बघू लागले.

बाहेर व्हरांड्यात, औषध घालून बसलेल्या माणसांच्या रांगेत, वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं. पुरवणी, शेडमधलं हसणं, एक पेड. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली की त्या आता काहीतरी बोलतील, निदान हात झटकतील. सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“तिला सांगितलंस?”

“नाही, आई.”

“मग मला आधी कशाला सांगितलंस? आता मी घरात तिच्याशी काय बोलू?” मग म्हणाल्या, “दोन महिने मी देवासमोर बसून त्या बंदाची टीप आठवत होते. तू मला बघत होतीस.”

“हो.”

“चल. बस येईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घार केस धुवायला आली होती. तिची मान बेसिनच्या खाचेत, डोळे मिटलेले, पाय स्टुलावर. वहिनीची दहाही बोटं तिच्या फेसाळलेल्या केसांत होती. वहिनीनं तसंच सांगायला सुरुवात केली, कारण डोळे उघडे असते तर जमलं नसतं. घार हलली नाही. मधे फक्त एकदा म्हणाली, “एकच?”

“एकच.”

“आणि मी विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

पाणी चालू होतं. घार म्हणाली, “फेस काढ.” वहिनीनं फेस काढला. घारीनं टॉवेल न घेता कुबड्या उचलल्या आणि ओल्या केसांनी रस्त्यावर गेली. चष्मेवाला दारात उभा होता, त्यानं वहिनीला विचारलं की बाईंना बरं नाही का. वहिनीनं दार लोटून घेतलं आणि फरशीवरचं पाणी पुसत बसली.

घार त्याच संध्याकाळी सामान घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. वहिनीच्या नवऱ्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही, तेही तिला जड गेलं. तो नुसता म्हणाला, “तू असं करशील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.” मग पिशवीतली पाना-पक्कड उगाच लावत बसला.

महिन्यानं घार आली. कुबड्या गेल्या होत्या, काठी होती. ती बसली नाही. “मी मोठेपणा मिरवला, ते माझं,” ती म्हणाली. “हसले तेही माझं. त्याबद्दल तू मला दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर चाललं असतं. पण मी तिथे बसून वीस जणांसमोर मान खाली घातली आणि तू तिसऱ्या रांगेत होतीस.” मग दारापाशी जाऊन म्हणाली, “मला सांगून झालं. मास्तरांना कोण सांगणार?”

त्या शनिवारी वहिनी बसनं क्लबात गेली. कॅप्टन आणि मास्तर दोघंही शेडमध्ये होते. मास्तर गुडघ्यांवर बसून छत्री घडी करत होते. तिनं उभ्यानंच सांगितलं. आजूबाजूचे चारसहा जण काम थांबवून ऐकू लागले, तिनं आवाज कमी केला नाही. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “माणूस वरून येत असतो हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. पण पट्टी सुटू शकते हे माहीत होतं.”

त्यांनी मान हलवली आणि परत घडीकडे वळले. ते तिच्याशी वाईट वागले नाहीत. पण त्यानंतर वहिनी ज्या बाकावर असेल तिथे ते बसले नाहीत, आजही बसत नाहीत.

वहिनीला वाटलं होतं की आता घारीची शिक्षा तरी कमी होईल. कॅप्टन म्हणाले, “वेणी कुणीही घालो, विमानात चढण्याआधी हात लावून बघणं उडी मारणाऱ्याचं काम. ते तिनं केलं नाही. शिक्षा तेवढीच राहील.” आणि वरून म्हणाले, “खोटं बोलल्याबद्दल आणखी एक महिना वाढवणार होतो. ते तिनं काल स्वतः येऊन सांगितलं, म्हणून नाही वाढवत.”

वहिनी पिशवी उचलून निघाली. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. कॅप्टननं तिला फाटकापाशी गाठलं. बाकीच्या बायका हेल्मेटशिवाय जाणारच, ते म्हणाले, आणि त्यांना ती वेणी धड कुणालाच येत नाही. एकमेकींच्या डोक्यावर बघून बघून काहीतरी गुंडाळतायत. ती कुठून सुटते हे वहिनीशिवाय कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. “तुम्ही बांधू नका,” ते म्हणाले. “त्यांना शिकवा.”

“माझ्याकडून कोण शिकेल?”

“ते मला माहीत नाही. या आणि बघा.”

पहिल्या शनिवारी दोघी आल्या. आता सातआठ जणी असतात. घार अकरा महिन्यांनी परत उडायला लागली, हेल्मेट घालून. घरी राहायला परत आली, सासूबाईंच्या यंत्रावरची चादर निघाली, नणंद-भावजय एका ताटात नाही तरी एका टेबलावर जेवतात, हसतातही. केस मात्र घार दुसरीकडे कापून घेते. वहिनीनं ते विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मी एकदा वहिनीबरोबर शेडमध्ये गेले होते. ती एका मुलीच्या डोक्यावर दाखवत होती: पट्टी उंचवट्याखाली, डावा पेड, उजवा, मधला, आता आवळा. मुलीनं वेणी घातली आणि विचारलं, “घट्ट आहे का हो?”

“मला विचारू नको. बोट घालून तूच बघ. मी हो म्हटलं तरी बघ.”

“असं का?” मुलगी म्हणाली. दर वेळी कुणीतरी विचारतंच.

वहिनीनं कंगवा बाकावर ठेवला आणि सांगायला लागली. आवाज सपाट होता, पण मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली होती, इतक्यांदा सांगूनही. दारातून घार हेल्मेट काखेत धरून चालली होती, ती थांबली. चौकटीला टेकून ऐकत राहिली. गोष्ट मास्तरांपर्यंत आली तेव्हा तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला आणि विमानाकडे निघून गेली.